मोत्याची पंगत

काल शेजारच्या सलमाभाभींनी आमच्या अंगणात भाकरीचं फडकं सोडलं, ज्वारीच्या भाकरीचा वास आला आणि मोत्या आठवला.

कापसानं दगा दिलेली वर्षं होती ती. हिवरखेडचं शेत विकून मेहुणा नांदगाव पेठेत कामाला गेला. शेतावर एकटा उरलेला त्याचा कुत्रा मोत्या माझ्या बायकोनं, सुमननं, इथे अकोल्याला आणला. मी ताटलीत दूध-पोळी ठेवून वाचत बसायचो, पण तो तोंड फिरवायचा. बरगड्या दिसू लागल्या होत्या.

"काहून खाईन तो?" सुमन म्हणाली. "शेताच्या धुऱ्यावर माणसं जेवाले बसली, का त्याले तुकडा भेटे. पुस्तक ठेवा अन् बसा खाली!"

आम्ही अंगणातल्या मातीत भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसलो. भिंतीपलीकडून सलमाभाभी हसल्या, "कुत्र्याची दावत हाय का, वहिनी?"

सुमननं आपल्या भाकरीतला तुकडा टाकला. मोत्यानं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि खाल्ला. मग माझ्या मांडीला टेकून बसला. म्हातारा होईपर्यंत त्याची ती जागा कायम राहिली.

सुमन गेल्यापासून मला घास उतरत नव्हता. काल सलमाभाभी मातीत बसल्या आणि स्वतःच जेवू लागल्या. थोड्या वेळानं भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला.

मी खाली बसलो.