काय लिहून आलात?

फोन वाजला की ताई उजव्या हाताने रिसीव्हर उचलायच्या, डाव्या हाताने वही ओढायच्या आणि नमस्कार वगैरे न करता विचारायच्या, "काय लिहून आलात?"

समोरचा गोंधळायचा. त्याला घरघंटी हवी असायची, म्हणजे घरात पीठ दळायची छोटी चक्की, आणि इकडे कोणीतरी त्याची तोंडी परीक्षा घ्यायला बसलेलं. मग ताई समजावून सांगायच्या. तुम्ही मोबाईलमध्ये काहीतरी लिहून शोधलंत, त्यातून आमची वेबसाइट निघाली, तिथून हा नंबर मिळाला. तर ते काय लिहिलंत तेवढं सांगा. जसंच्या तसं. सुधारून सांगू नका.

लोक लाजत लाजत सांगायचे. "घरघंटी आवाज शेजारी भांडतात." "नाचणीचं पीठ कचकच का लागतं." ताई ते वहीत उतरवायच्या, पुढे तारीख टाकायच्या आणि मग म्हणायच्या, "हं. आता बोला."

बडोद्यात गोरव्याला आमचं घरघंट्या बनवणारं युनिट आहे. मी तिथे पॅकिंगला लागले त्या वर्षी डीलरांच्या ऑर्डरी कमी झाल्या होत्या. शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "दिवाळी सुधी जोइए, बेन." दिवाळीपर्यंत बघू. माझा नवरा ठेकेदाराकडे वेल्डिंगला होता, त्याचं काम तेव्हा नुकतंच सुटलेलं. माझंही सुटलं असतं तर आम्ही परत धाराशिवकडे, गावी. गावची शाळा सातवीपर्यंत आहे. माझं शिक्षण म्हणूनच सातवीला थांबलं. आणि माझी मुलगी त्या वर्षी इथे बडोद्यात सातवीत होती. तेव्हा कोणी दिवाळी म्हटलं की मी बोटांवर महिने मोजायची.

दिवाळीच्या बोलीवर ठेवलेलं दुसरं माणूस म्हणजे ताई.

त्यांचा नागरवाड्यात टायपिंगचा क्लास होता. तो बंद पडला. साठीला आलेल्या, लग्न केलेलं नाही, बोटं मात्र अजून वळवळणारी. त्यांनी घरी बसून व्हिडिओ बघून वेबसाइटचं काम शिकून घेतलं. व्हिडिओतला मुलगा फार भरभर बोलतो म्हणून त्याचं बोलणं त्या शॉर्टहँडमध्ये लिहून घ्यायच्या. कधी कधी आपलंच शॉर्टहँड त्यांना लागायचं नाही, मग तोच व्हिडिओ पुन्हा. अशा अकरा वह्या होत्या. शेठनी त्यांना वॉटर कूलर आणि खोक्यांची थप्पी यांच्यामध्ये एक टेबल दिलं होतं. पाणी प्यायला येणारा प्रत्येकजण त्यांच्या स्क्रीनमध्ये डोकावून जायचा.

मीही डोकावले. "ताई, येतात का कोणी वेबसाइटवर?"

"रोज एक माणूस येतो. सकाळी सातला."

"कोण?"

"मी. घरून बघते."

हे सांगताना त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

त्या दिवसांत एक तरुण गृहस्थ बॅग घेऊन शेठकडे आले. एका महिन्यात तुमची वेबसाइट पहिल्या नंबरवर आणतो म्हणाले. शेठनी ताईंना बोलावलं. ताईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "बाजरीचं पीठ कडू कशाने होतं?"

"ते बघून सांगतो, मॅडम."

"मग पहिल्या नंबरवर जाऊन लोकांना सांगणार काय?"

गृहस्थ पाणी पिऊन गेले. शेठ जाताना मला एवढंच म्हणाले की या बेनला दिवाळीनंतर कोण सांभाळेल माहीत नाही.

गंमत अशी की उत्तर ताईंनाही माहीत नव्हतं. त्या माझ्यापाशी आल्या. मी खोक्यांना पट्टी लावत होते. म्हटलं, बाजरी दळून ठेवली की कडू होते, लागेल तेवढीच दळायची. त्यांनी वही काढली. "लागेल तेवढी म्हणजे किती दिवसांची?" मी म्हटलं आठेक दिवसांची. "उन्हाळ्यात?" मला कुणी एवढं कधी विचारलं नव्हतं. ज्वारीच्या भाकरीला कुठली जाळी, म्हणजे पीठ जिच्यातून गाळून पडतं ती चाळणी, नाचणी धुऊन किती वाळवायची, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ जाड का येतं. मी सांगायची, त्या लिहायच्या. मग आठ दिवस ते घरी करून बघायच्या, आणि खरं निघालं तरच वेबसाइटवर टाकायच्या. एका वेळी एक पान. मराठीत.

"मराठीमां कोण वांचशे, बेन?" शेठ विचारायचे.

"ज्याला भाकरी करायची आहे तो," ताई म्हणायच्या.

आवाजाचं पान लिहायचं ठरलं तेव्हा त्यांनी एक घरघंटी आपल्या वरच्या खोलीत नेऊन ठेवली, खाली रबराची चटई घातली आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला कागद-पेन्सिल देऊन बसवलं. चटईने काही फरक पडतो का ते तिने लिहायचं. शेजारीण आमच्या युनिटमध्ये येऊन सांगून गेली, "चक्कीचा आवाज नाही आला. पण ही सारखी जिना उतरून विचारायला यायची, त्याचा आला." ताईंनी त्याच दिवशी पान टाकलं, चटईच्या जाडीसकट.

फोन मी घ्यावा असं त्यांच्या मनात आलं तेव्हा मी घाबरले. म्हटलं, ताई, मी सातवी.

"लोक जाळी विचारतात. निकाल नाही विचारत."

मग मी फोन घेऊ लागले. हात पुसून, उभी राहून. बसून बोलायचा धीर नव्हता.

भाद्रपदात आम्ही चकलीच्या भाजणीचं पान टाकलं. ते अख्खं माझं होतं. तांदूळ किती, डाळी किती, धणे-जिरे केव्हा, कुठल्या जाळीने दळायचं. ताईंनी वाचून दाखवलं तेव्हा मला माझं बोलणं छापून आल्यासारखं वाटलं. नवरात्र संपता संपता फोन आला. मीच घेतला, काय लिहून आलात विचारलं. सांगलीचे निवृत्त मास्तर होते.

"'पत्नी दवाखान्यात असताना चकलीची भाजणी', असं लिहिलं होतं," ते म्हणाले. "मग तुमची घरघंटी घेतली. ती आता बंद पडलीय. आत सगळं लुकणासारखं चिकटलंय."

मला कळेना. मग कळलं. म्हटलं, "मास्तर, भाजणी गार नव्हती का केली?"

"तुमच्या पानावर गार करा असं कुठेही नाही. मी चार वेळा वाचलंय."

खरंच नव्हतं. गरम धान्य घातलं की आत वाफ धरते, पीठ ओलसर होतं, जाळी बुजते. भाजलेलं गार करूनच दळायचं हे आमच्याकडे पोरीसुद्धा जाणतात. मला ते सांगावंसंच वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी ती घरघंटी परत आली. शेठनी झाकण उघडलं, बोटाने पीठ खरवडून बघितलं आणि विचारलं, "आ कोणे लख्युं?" हे लिहिलं कोणी? मुलीचं दप्तर डोळ्यासमोर आलं.

"मी," ताई म्हणाल्या. "टाईप मी केलंय. चूक टाईप करणाऱ्याची. आमच्या क्लासात हाच नियम होता."

शेठ म्हणाले, पान काढून टाका. ताईंनी काढलं नाही. त्यांनी त्याच पानावर सगळ्यांत वर लिहिलं की आमची एक गोष्ट सांगायची राहिली, त्यामुळे एका गृहस्थांची घरघंटी बुजली. भाजणी ताटात पसरा, हाताला गार लागेपर्यंत थांबा, मगच दळा. आणि बुजलीच तर अशी साफ करा. साफ कशी करायची ते मी करून दाखवलं, त्यांनी फोटो काढले. फोटोत माझे हात आहेत. ती साफ झालेली घरघंटी आम्ही मास्तरांना परत पाठवली. सोबत ताईंनी चिठ्ठी घातली: बाईंची तब्येत कशी आहे ते कळवा.

मी त्या दिवशी रडत होते. ताई म्हणाल्या, "सांगायची गरज नाही असं वाटतं ना, ते आता पहिलं लिहायचं. घरात विचारायला माणूस असेल तर तो कशाला मोबाईलला विचारेल?"

तुम्हाला वाटेल की आता फोनांची रांग लागली. नाही लागली. त्या दिवाळीला वेबसाइटवरून दोन घरघंट्या गेल्या, त्यातली एक मास्तरांची. शेठनी ताईंना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. मला आधी बाहेर पाठवलं. मी वॉटर कूलरपाशी उभी राहून ग्लास विसळत राहिले, तोच ग्लास.

ताई बाहेर येऊन म्हणाल्या, "पुढच्या दिवाळीपर्यंत बघू म्हणालेत. मी आता सकाळचीच येईन. दुपारचे फोन तुझे."

मला वाटलं, त्यांना दुपारी झोप लागत असेल. खरं काय ते शेठनी मला दोन वर्षांनी सांगितलं. एकच माणूस ठेवता येईल म्हणाले होते ते. त्यावर ताईंनी त्यांना सांगितलं की माझा पगार निम्मा करा आणि उरलेल्या निम्म्यात तिला बसवा. मी टाईप करू शकते, पण मला ज्वारीतलं कळत नाही.

ते वर्षभर आम्ही आठवड्याला एक पान टाकत राहिलो. ताईंना सर्दी झाली तरी पान टाकलं, माझ्या नणंदेचं लग्न होतं तेव्हाही टाकलं. लग्नात ताई आल्या होत्या. वरपक्षाच्या मंडळींना त्यांनी विचारलं, घरघंटी बिघडली तर मोबाईलमध्ये काय लिहाल? नवऱ्या मुलाचे काका बराच वेळ विचार करत जेवायचे थांबले.

श्रावण लागला तसे फोन वाढले. भाद्रपदात मला दुपारी डबा खाता येईना. काय लिहून आलात विचारलं की निम्मे लोक भाजणीच सांगायचे. पुण्याची मुलं, सुरतेच्या सुना, मुंबईत एकटे राहणारे एक इंजिनियर. दिवाळीच्या आधी पॅकिंगला आणखी दोघीजणी घेतल्या. शेठ टेबलापाशी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बराबर छे, बेन." ताईंनी मान हलवली आणि पुढचं पान टाईप करत राहिल्या. माझी मुलगी तेव्हा आठवीत गेली होती. बडोद्यातच.

मग ताईंचे भाऊ इंदूरला आजारी पडले. बघायला दुसरं कोणी नव्हतं. ताईंनी वह्या माझ्या हवाली केल्या, शॉर्टहँडच्याही. त्या कुणालाच वाचता येत नाहीत, पण मी ठेवल्यात. जाताना म्हणाल्या, "गार करा हे वरून काढू नकोस."

वेबसाइट कुठून कोण बघतं ते गाववार दिसतं. पुणे, नाशिक, सुरत. आणि रोज सकाळी सातला, इंदूर, एक. भाजणीचंच पान. मी त्यांना कधी तसं बोलून दाखवलं नाही. फोनवर आम्ही भावाच्या तब्येतीचं बोलायचो, माझ्या मुलीच्या मार्कांचं बोलायचो. सकाळी कामावर आले की आधी ती ओळ बघायची आणि मग पट्टीची रिळं काढायची.

मागच्या थंडीत एका सोमवारी इंदूर नव्हतं. मंगळवारीही नव्हतं. बुधवारी ताईंच्या भावाचा फोन आला. सवयीने मी विचारून बसले, काय लिहून आलात. ते म्हणाले, रविवारी रात्री ती गेली, तिच्या वहीत मागच्या पानावर हा नंबर होता.

शेठ हल्ली स्वतः आकडे बघतात. परवा त्यांनी मला स्क्रीनपाशी बोलावलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, बेन, हे बडोद्यातलं रोज सकाळी सातला भाजणीचं पान कोण उघडतं? दिवाळी तर केव्हाच होऊन गेली.

"मी," म्हटलं. "घरून बघते."