युनिट सातला मी म्यूट केलं

आधीच सांगून ठेवते — माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. आमच्या घरातला अंगारा, नवस, दृष्ट काढणं हे सगळं माझ्या आजोबांनीच बंद केलं, आणि मी तर शाळेत विज्ञान शिकवते. माझा विश्वास आहे तो एकाच गोष्टीवर... माणूस लबाडी करतो. कोणी कोणाच्या वहीतून गृहपाठ उतरवला ते मी अक्षरावरून ओळखते. त्यामुळे पुढचं वाचताना तुम्हाला जो संशय येईल, तो मला तुमच्या आधी येऊन गेलाय.

मी आदिलाबादला राहते, मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका, वय एक्केचाळीस. आणि — हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या — दर रविवारी दुपारी तीन ते सहा मी पोलीस कंट्रोल रूम चालवते. खरी नाही हो. ऑनलाइन गेम आहे. त्यात एक अख्खं शहर आहे, आणि आमच्या ग्रुपमधले लोक कोणी पोलीस, कोणी चोर, कोणी ॲम्ब्युलन्सवाला होऊन तीन तास आपापला पार्ट करतात. याला रोलप्ले म्हणतात. ग्रुपमध्ये आदिलाबाद, निर्मल, भैंसा, थोडे यवतमाळकडचे असे लोक आहेत. सर्व्हर चालवतात ते भैंस्याचे सुभाषभाऊ, कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम आहेत, पन्नाशीचे. मला यात ओढलं आमच्या मिस्टरांनी. मिलिंद मंडल ऑफिसात, म्हणजे तुमच्याकडच्या तहसीलसारख्या कचेरीत, क्लार्क आहेत. म्हणाले, "तुझा आवाज कडक हाय, कंट्रोलले तूच बस."

बसले तर रेडिओवर नुसता बाजार. सगळे एकदम बोलून राह्यले, कोणाचं कोणाला कळत नाही. मला ते सहन होईना. मी पंधरा दिवस बसून नियमांचं नऊ पानी पुस्तक केलं. प्रत्येकाला एक नंबर — मिलिंद म्हणजे युनिट सात. खऱ्या पोलिसांसारखे कोड. टेन-फोर म्हणजे समजलं, टेन-फिफ्टी म्हणजे अपघात, टेन-ट्वेंटी म्हणजे ठिकाण, टेन-थ्री म्हणजे बोलणं थांबवा. युनिटने काही कळवलं की कंट्रोलने ते जसंच्या तसं परत वाचून दाखवायचं, म्हणजे समोरच्याला कळतं की आपलं ऐकलं गेलं. आणि माझा सगळ्यात लाडका नियम — रेडिओवर बाहेरच्या जगाचं काही आणायचं नाही. खऱ्या गावाचं नाव नाही, खऱ्या माणसाचं नाव नाही. दोन सूचना, तिसऱ्या वेळी अर्धा तास म्यूट, म्हणजे रेडिओवर त्याचा आवाजच बंद. कोणी का असेना.

हा नियम सगळ्यात जास्त कोणी मोडला असेल तर आमच्याच माणसाने. एकदा भर सीनमध्ये रेडिओवर म्हणाले, "कंट्रोल, टेन-फिफ्टी, स्वयंपाकघरात दूध उतू गेलं हाय." सगळे हसले. मी म्यूट केलं. दूध खरंच उतू गेलं होतं ती गोष्ट वेगळी.

तो रविवार. निर्मलला माझ्या नणंदेच्या मुलीचं बारसं होतं. मिलिंद सकाळीच मोटरसायकलने गेले. मी गेले नाही, कारण त्या दिवशी बँक दरोड्याचा मोठा सीन होता आणि कंट्रोल मीच. जाताना ते म्हणाले, "खोट्या पोलिसायसाठी खरं बारसं सोडून राह्यली तू." मी म्हटलं, "तुमी जा ना गुमान."

दुपारी चारच्या सुमारास रेडिओवर आवाज आला.

"कंट्रोल, युनिट सात."

आवाज त्यांचाच. मला वाटलं, नणंदेकडे बसून मोबाइलवरून आले असतील. म्हटलं, "बोला युनिट सात."

"टेन-फिफ्टी. मीच हाव. टेन-ट्वेंटी... नेरडीगोंड्याच्या अलीकडं, जुन्या रोडची मोरी. खाली पडलो. पाय गाडीखाली दबला."

मी सवयीने परत वाचलं. "युनिट सात, टेन-फिफ्टी, स्वतः जखमी, नेरडीगोंड्याच्या अलीकडे, जुन्या रोडची मोरी..." आणि तोंडातून नेरडीगोंडा निघाल्यावर मी थांबले. निर्मल रोडवरचं खरंखुरं नेरडीगोंडा आमच्या गेमच्या शहरात कुठून येणार? मला अशी चीड आली म्हणून सांगू. दरोडा ऐन रंगात, आणि याला मस्करी सुचून राह्यली.

"युनिट सात, बाहेरच्या गावाचं नाव घेऊ नका. पहिली सूचना."

"वंदे, पाय हालत नाही."

माझं खरं नाव. दुसरी सूचना दिली.

एक गोष्ट नीट सांगते. आवाज शांत होता. कण्हणं नाही, धाप नाही. मागे वारा नाही, ट्रक नाही, पाखरू नाही. हायवेजवळचा माणूस असा ऐकू येतो का कधी? माझी खात्रीच झाली की हा माणूस कुठल्यातरी बंद खोलीत आरामात बसून बोलून राह्यला आहे.

"कंट्रोल, युनिट सात... कोणाले तरी पाठव."

"टेन-थ्री, युनिट सात," मी म्हटलं, यादीतल्या त्यांच्या नावावर क्लिक केलं आणि म्यूट केलं. त्यानंतर मी दरोडा संपवला. चांगला झाला दरोडा, चोर पकडले गेले.

सीन संपल्यावर चहा ठेवायला उठले. त्यांचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, वरचं कापडसुद्धा काढलेलं नव्हतं. फोन लावला, स्विच ऑफ. पकडले जाऊ नयेत म्हणून बंद ठेवला, दुसरं काय. नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "दादा तर तीनलाच निघाले, वयनी. पोचले नाय का आजून?"

आता खरं सांगते, यावर शहाणी बाई तडक नेरडीगोंड्याकडे निघाली असती. माझ्या डोक्यात काय आलं? की तीनला निघाले तर चारला कोणाकडे बसून बोलत होते? म्हणजे बारशाच्या नावाखाली दुसरीकडेच... इतकी मी संशयी. आज ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

मग वाटलं, मिलिंद नसतीलच. सुभाषभाऊंकडे सगळ्या जुन्या सीनची रेकॉर्डिंग आहेत. कोणीतरी तुकडे जोडून आवाज लावला असेल. त्यांना फोन केला. "सात नंबरचा आवाज कोण लावून राह्यलं, सुभाषभाऊ? मला सरळ सांगा."

ते गडबडले. "मॅडम, सात नंबर तर आज आलाच नाही. आमाले तुमचाच आवाज येऊन राह्यला होता. आमी समजलो, नवीन लोकायले ट्रेनिंग देऊन राह्यल्या तुमी."

"खोटं बोलू नका," म्हटलं आणि फोन ठेवला.

आता मला पुरावा पाहिजे होता. नेरडीगोंड्यात आमच्या ग्रुपमधला राजन्ना आहे, त्याचं पंक्चरचं दुकान. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून तो खेळायला नव्हता. पावणेपाचला त्याला फोन केला. म्हटलं, "राजन्ना, वो पुराने रोड की मोरी के पास जाओ, और खाली जगह का फोटो भेजो. एक आदमी को ग्रुप से निकालना है."

मी त्याला वाचवायला पाठवलं नव्हतं. तिथे कोणी नाही हे सिद्ध करायला पाठवलं होतं.

फोटो आला नाही. दहा-बारा मिनिटांनी फोन आला. "मेडम," राजन्ना म्हणाला, "फोटो नहीं निकालता मैं. सर है इधर. नीचे गिरे हैं. ॲम्ब्युलन्स को फोन कर दिया, आप आ जाओ."

ट्रकची गर्दी चुकवायला ते जुन्या रोडने आले होते. जनावर आडवं आलं, गाडी मोरीच्या, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावरून खाली. रस्त्यावरून दिसत नाही ती जागा. फोन पहिल्याच आपटीत गेला, मोरीच्या पाण्यात त्याचा चुरा सापडला. पडल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं होतं, चारला पाच कमी. मोरीत पडलेल्या माणसाकडे ना फोन, ना कॉम्प्युटर, ना नेट.

उजवा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. डॉक्टर चांगले होते, दोष कोणालाच दिला नाही. फक्त म्हणाले, अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर पाहता आलं असतं. मी शिक्षिका आहे, वजाबाकी मला येते.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मी सुभाषभाऊंना सर्व्हरची नोंद काढायला लावली. एखादा तरी लबाड सापडेल म्हणून. त्या दिवशी युनिट सात आलेलंच नाही. दुसऱ्या कोणी त्यांचं नाव लावून आलं, असंही नाही. पण एक ओळ आहे — कंट्रोल, युनिट सात, म्यूट, चार वाजून आठ मिनिटं. सुभाषभाऊ म्हणाले, जो आलाच नाही त्याला म्यूट करताच येत नाही, बटणच येत नाही समोर. माझ्यासमोर करून दाखवलं. खरंच येत नाही. तरी मी दोन महिने त्यांच्यावर संशय घेतला, शेवटी तेच कंटाळून म्हणाले, "बाई, मले काय भेटन ह्याच्यातून?"

मनाचे खेळ म्हणाल, तर त्या मोरीचं नाव माझ्या मनात कुठून आलं? ते जुन्या रोडने येणार हे तर त्यांनाही निघताना माहीत नव्हतं.

मिलिंदना मी अर्धंच सांगितलं. रेडिओवर तुमचा आवाज आला, मी राजन्नाला पाठवलं. म्यूटचं सांगितलं नाही. सांगवलं नाही. त्यांनी नवल केलं नाही, नुसती मान हलवली. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं होतं.

मग एका सकाळी मी त्यांचं ड्रेसिंग बदलून राह्यले होते. ते खिडकीकडे पाहत होते. राग नव्हता आवाजात, खरंच नव्हता. म्हणाले, "तू पयल्यांदा वाचून दाखवलं ना, नेरडीगोंड्याच्या अलीकडं, जुन्या रोडची मोरी... ते ऐकू आलं मले. लय बरं वाटलं. म्हटलं, आता येते कोणी. मंग तिसऱ्या टायमाले मले बंद काऊन केलं?"

मी म्हटलं, नेट गेलं असेल. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. ते "हं" म्हणाले आणि पाय पुढे केला.

म्यूट केलेलं मला माहीत आहे आणि सुभाषभाऊंना. ते शपथ घेऊन सांगतात, एक शब्द बोललो नाही. राजन्नाला विचारलं, त्याला म्यूटचं माहीतच नव्हतं. त्या दिवशी खेळत असलेल्या एकेकाला फोन करून झाला. सगळे नाही म्हणतात.

हे इथे लिहायचं कारण तेवढंच आहे. ग्रुपमधलं कोणी वाचत असेल, आणि मिलिंदना तुम्ही सांगितलं असेल, तर कृपा करून मला कळवा. मी रागावणार नाही, ग्रुपमधून काढणार नाही, नियम तर मी केव्हाच फाडून टाकलेत. मला फक्त ऐकायचं आहे की ते त्यांना तुमच्याकडून कळलं.