चंद्राला टेकू

या जगात सुटे असे काहीही असू नये, असे ठाम मत असलेला एकच मनुष्य मला ठाऊक आहे, आणि तो नात्याने माझ्या पत्नीचा मामा लागतो. हे मत त्यांनी कोणत्याही ग्रंथातून घेतलेले नाही. ते त्यांना करवतीने शिकवले. रत्नागिरी बंदरावरच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर मामांनी एक स्क्रोल सॉ घेतला. केसासारखे बारीक पाते जागच्या जागी वरखाली नाचवणारे हे यंत्र. त्याखालून फळी हाताने फिरवत नेली, की तिच्यातून वेली, मोर, होड्या असे वाटेल ते कापून निघते. मात्र कापण्याआधी कागदावर नक्षी आखावी लागते, आणि खरी बुद्धी तिथे लागते. फळीचा जो भाग राहणार, तो मामा पेन्सिलीने काळा करतात. जो जाणार, तो पांढरा ठेवतात. काळ्याचा प्रत्येक ठिपका दुसऱ्या काळ्याला, आणि त्याच्यामार्फत शेवटी चौकटीला, कुठेतरी जोडलेला असावा लागतो. एखाद्या तुकड्याच्या चहूबाजूंना पांढरे आले, तर पाते फिरून येताच तो जमिनीवर पडतो. मी मास्तर होतो, पण वर्गात हे समजावायला मला एक तासिका लागली असती. मामा एका वाक्यात सांगतात, "कुणालातरी धरून राहा, नाहीतर पडाल."

या नियमामुळे मामांच्या चित्रांत पक्षी उडत नाहीत, फक्त बसतात. एकदा आग्रहाखातर त्यांनी उडता थवा काढला, तर प्रत्येक बगळ्याने पुढच्याची शेपटी चोचीत धरलेली. बालवाडीची सहल रस्ता ओलांडते आहे असे वाटावे. त्यांचे मासे नेहमी तोंडाला तोंड लावून असतात. दारावर मासळी घेऊन येणाऱ्या बाईंनी ते पाहून एकदा विचारले, "मामानु, हे भांडतायत की मुके घेतायत?" मामा अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "टिकतायत." पुढे हा नियम फळीबाहेरही पसरला. चकलीविषयी त्यांना आदर आहे, जिलेबीचे ते कौतुक करतात. बुंदीच्या लाडवावर मात्र त्यांचा विश्वास नाही, कारण त्यातले दाणे केवळ भिडेखातर एकत्र राहिलेले असतात. एका लग्नात मंगलाष्टके चालू असताना ते प्रवेशद्वाराच्या कोरीव हंसांच्या कमानीवरून बोट फिरवीत होते. अक्षता पडल्या, तेव्हा त्यांनी वधूपित्याला हळूच सांगितले, की डावीकडच्या हंसाची मान फार दिवस राहणार नाही.

अशा माणसाकडे मामींनी उभ्या संसारात एकच वस्तू मागितली. मामींचे माहेर वेळणेश्वर. तिथला समुद्र आणि त्यावर चंद्र, एवढेच चित्र त्यांना हवे होते. समुद्र मामांनी तासाभरात आखला आणि चंद्रापाशी ते अडले, कारण चंद्राला टेकू नाही. त्यांनी तो माडाच्या झावळीवर ठेवून पाहिला. मामी म्हणाल्या, "आमच्याकडे चंद्र शहाळी काढायला माडावर चढत नाही हो." देवळाच्या शिखरावर ठेवला, तर ती कळसाची जागा निघाली. ढगांच्या पट्टीने बांधला, तर मामींना तो कोंडल्यासारखा वाटला. चंद्र वेगळा कापून मागून फळीवर चिकटवावा, असे मी सुचवले. त्यावर मामांनी मला विचारले, की मी परीक्षेत कॉपी चालवून घेत असे काय. वर्षे गेली. नवी फळी घरात आली, की मामी विचारत, "ह्यात माझा चंद्र का?" आणि मामा उत्तर देत, "टेकू शोधतोय."

गेल्या दिवाळीनंतर नवी फळी आली. मामींनी ती उचलून बाजूला ठेवली, केर काढला आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. त्याच संध्याकाळी मामा माझ्याकडे आले. पुढ्यातल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. "जावईबापू," ते म्हणाले, "ती विचारायची थांबली."

मग त्यांनी विचारले, की चंद्र आपण होऊन कशाला टेकतो का. मी भूगोलही शिकवलेला असल्याने उत्साहाने सांगितले, की आपला समुद्र पश्चिमेला आहे, पौर्णिमेच्या सुमारास चंद्र पहाटे तिथेच मावळतो, म्हणजे क्षणभर पाण्याला टेकलाच पाहिजे. माघातल्या पौर्णिमेला आम्ही तिघे वेळणेश्वरला मामींच्या भावाकडे मुक्कामाला गेलो. पहाटे मामा वाळूत पुठ्ठा, पेन्सिल आणि पट्टी घेऊन उभे राहिले. चंद्र तांबूस होत खाली आला. पाण्यापासून दोन बोटे वर असताना तो धुरक्यात शिरला, फिकट झाला आणि साखरेसारखा विरघळून गेला. टेकला नाही. पुस्तकात धुरके नसते, हे मी मनाशी नोंदवले. मामी म्हणाल्या, "मी लहान होते तेव्हाही असाच जायचा. कुणाला न धरता."

परतीच्या वाटेवर जयगडच्या फेरीबोटीत मामा कोरा पुठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. शेवटी मीच म्हटले, की काळ्यापांढऱ्याची अदलाबदल करा; आकाश सगळे ठेवा आणि चंद्र तेवढा कापून काढा. मामांनी पुठ्ठा खाली ठेवला. "तिने चंद्र मागितला, आणि मी तिला चंद्र नसलेली जागा देऊ?" मी खाडीकडे पाहू लागलो.

आठवड्याभराने त्यांनी मला सकाळी बोलावले. स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत फळी उभी होती. खाली लाटा, वर अखंड, न कापलेले आकाश, आणि त्यात एक वाटोळी मोकळी जागा, कशालाही न टेकलेली. तिच्यातून आलेले ऊन समोरच्या भिंतीवर गोल पडले होते. मामी घावन घालता घालता तिकडे पाहत राहिल्या, इतका वेळ, की तव्यावरचे घावन करपले.

"सुटा आहे हो," त्या म्हणाल्या.

"आहे," मामांनी कबूल केले.

कापून पडलेली लाकडी चकती मामांच्या हातात होती. तिच्या कडा त्यांनी पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केल्या होत्या, पण तिचे पुढे काय करायचे ते त्यांना उमगत नव्हते. मामींनी ती त्यांच्या हातून घेतली आणि त्यांच्या चहाच्या पेल्यावर झाकण म्हणून ठेवली. चहा निवेल, लवकर प्या, असे त्या म्हणाल्या. मामांनी मात्र बराच वेळ ते झाकण उचलले नाही.