बाईसाहेबांमार्फत

कुलूपवाला आणि त्याची मोठी बहीण एकाच घरात राहत, एकाच स्वयंपाकघरात जेवत आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. कारण ऐकाल तर हसाल. ताईच्या कपाटाची किल्ली हरवली होती. ती बाहेर गेली असताना याने आपलं कसब दाखवून कपाट उघडून ठेवलं. त्याला वाटलं, ताई खूश होईल. ताई म्हणाली, "मला न विचारता उघडलंसच कसं?" "चोर समजतेस का मला?" त्याने विचारलं, आणि "नाही रे" म्हणायला तिने जरा वेळ लावला. झालं! तेवढ्यावरून जो अबोला धरला गेला, तो कित्येक वर्षं टिकला.

पण एका छपराखाली राहायचं म्हणजे निरोप द्यावे-घ्यावे लागतातच. ते काम मांजरीकडे आलं. करड्या रंगाची, गुबगुबीत आणि घर आपल्याच मालकीचं समजणारी. म्हणून नावच पडलं बाईसाहेब. "बाईसाहेब, त्याला सांगा, जेवण झाकून ठेवलंय," ताई म्हणायची. तो तिथेच, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ बसलेला असायचा. "बाईसाहेब, तिला म्हणावं, आज भूक नाही." बाईसाहेब एकदा हिच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे. दिवसभर कुणी ना कुणी त्यांच्याशी बोलत असे, म्हणून त्या घरात सुखी असं कुणी असेल तर त्या एकट्याच.

त्यांचं सगळं ताई निगुतीने करायची. कपडे शिवता शिवता मध्येच उठून त्यांचं खाणं कोमट करायची, वाळूचा ट्रे साफ करायची, दुपारी मांडीवर घेऊन ब्रश फिरवायची. याने कधी त्यात लक्ष घातलं नाही.

मग एका संध्याकाळी तो दुकान बंद करून आला, तर ताईने आपल्या खोलीत प्राण सोडलेला होता. झोपेतच. बाईसाहेब तिच्या पायाशी बसून होत्या.

दिवसकार्य उरकलं, माणसं आपापल्या घरी गेली आणि बाईसाहेबांनी खाणं सोडलं. ताटलीचा वास घ्यायच्या आणि तोंड फिरवायच्या. कुलूपवाला हबकला. ताईचं म्हणून मागे उरलेलं हे एवढंच होतं. तो त्यांना टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी हिरड्या बघितल्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली.

"मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर लिव्हरवर येतं, काका. मग हातात काही राहत नाही. खाणं कोमट करून द्या. पाणी ताटलीला चिकटून ठेवू नका, लांब ठेवा. आणि तिच्याशी बोलता ना?"

"काय बोलायचं?" त्याने खरोखरच विचारलं.

त्याने जमेल ते केलं. ब्रश फिरवायला गेला तर हातावर ओरखडे आले. पाण्याचं भांडं लांब ठेवायचं तो हमखास विसरायचा. आणि दुसऱ्या दिवशी, जीव टांगणीला लागलेला असतानाच, दुकानात गेला.

संध्याकाळी आला तेव्हा ताटली चाटूनपुसून स्वच्छ होती. बाईसाहेब खिडकीच्या फळीवर ऐसपैस पसरल्या होत्या, अंगावरचा एकेक केस बसवलेला. त्याला इतका आनंद झाला की पाण्याच्या भांड्याकडे त्याचं लक्ष गेलं ते थेट चहा घेताना. सकाळी ते ताटलीशेजारी होतं. आता खिडकीखाली होतं, ताई ठेवायची तिथे. ट्रेमधली वाळूही साफ केलेली होती.

घराला कुलूप होतं. साधंसुधं नव्हे, त्याने स्वतः बनवलेलं. ताईची किल्ली त्याच्याच जुडग्यात होती. तरी त्याने कुलूप बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ब्रशमध्ये करडे केस, मऊ आणि ताजे. गावभराची कुलपं उघडणाऱ्या त्या माणसाला आपल्या घरात कोण शिरतंय ते कळेना. दुकानात त्याच्या हातातून कानस सटकू लागली.

शेवटी तो घरीच बसला. आतून कडी घातली आणि दारासमोर खुर्ची टाकली. त्या दिवशी कुणी आलं नाही. बाईसाहेबांनी खाण्याला तोंड लावलं नाही. त्या ताईच्या बंद खोलीसमोर बसून राहिल्या आणि मधूनच वळून त्याच्याकडे बघायच्या, पाहुणा कधी उठतोय असं बघतात तशा. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याच्या डोक्यात घुमायला लागलं. तो उठला, बाहेरून कुलूप लावलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. परत आला तर ताटली रिकामी.

म्हणजे अडचण त्याचीच होती. तो घरात असला की ती येत नव्हती.

मग तो घराबाहेर राहू लागला. सुट्टीच्या दिवशीही दुकान उघडायचा, काम नसलं तर रस्त्याने हिंडायचा. बाईसाहेबांनी बाळसं धरलं. "छान सांभाळताय हो काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंग बघा कसं तुकतुकीत झालंय!" तो ओशाळं हसला. घरात शिरताना आता तो आधी दार वाजवायचा. स्वतःच्याच घराचं!

आणि मग त्याला ताप भरला. उठून उभं राहिलं की भोवळ यायची. दारापर्यंत जाणंही होईना. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. ताटलीतलं खाणं वाळून कडक झालं. बाईसाहेब बंद खोलीसमोर बसल्या होत्या, पण आता त्यांची मान पडत होती. तो पलंगावरून बघत राहिला.

भर दुपार होती. फरशीवर लख्ख ऊन पडलं होतं. ताई गेली त्या सकाळी असंच ऊन होतं. ती म्हणाली होती, "बाईसाहेब, त्याला सांगा, मला आज बरं वाटत नाहीये." आणि चपला घालता घालता हा म्हणाला होता, "बाईसाहेब, तिला म्हणावं, डॉक्टरकडे जा." एवढं बोलून तो दुकानात गेला होता. ते वाक्य त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"बाईसाहेब," तो म्हणाला. घसा कोरडा पडला होता. "तिला सांगा, मला उठवत नाही. मी घरात आहे, पण तिने यावं."

बाईसाहेबांनी कान टवकारले. त्या उठल्या आणि ताईच्या खोलीच्या दाराशी गेल्या. दार ओढून घेतलेलं होतं. ते आतून उघडलं, मांजर जाईल एवढंच.

मग ब्रशचा आवाज आला. खसखस, खसखस, सावकाश. मागोमाग बाईसाहेबांची घुरघुर. ताटली फरशीवर टेकली आणि लपालप खाण्याचा आवाज आला. तो गोधडी घट्ट धरून पडला होता. त्याचे दात वाजत होते, तापाने की भीतीने कोण जाणे. पण मांजर खात होतं. त्याला रडू फुटलं, आणि जे इतकी वर्षं तोंडातून निघालं नाही ते निघालं.

"ताई!" त्याने हाक मारली. "ताई, माझं चुकलं गं. मी थांबायला हवं होतं."

ब्रश थांबला. बाईसाहेब जिभेने ओठ चाटत बाहेर आल्या आणि पलंगासमोर येऊन बसल्या. आतून आवाज आला. शिवताना तोंडात टाचण्या धरून ती बोलायची, तसा आवाज.

"बाईसाहेब, त्याला सांगा, मी मेले म्हणून काही अबोला सुटला नाही."

कुलूपवाला छताकडे बघत पडून राहिला. हसावं की किंचाळावं ते त्याला कळेना. त्याने गोधडीच्या टोकाने डोळे पुसले. बाईसाहेब त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "तिला म्हणावं, मग मीही बोलत नाही. पण मला ताप आहे, जरा पाणी हवंय."

बाईसाहेब उठल्या आणि निरोप सांगायला आत गेल्या.