एका रशियनवर अख्खा युरोप

"लग्न तिकडं होऊ दे, पण पोरीच्या बापानं तोंडानं व्हय म्हटल्याबिगर मी सुपारी फोडणार न्हाय." बायपासमुळे घरी बसलेल्या माझ्या दादाने असं बजावून आम्हाला चेक देशात धाडलं. त्याचा मुलगा अभिजित तिथे ब्रनो शहरात नोकरीला आहे, नवरी हाना तिथलीच. आमचे हे निघाले ते दुभाषे म्हणून. तरुणपणी त्यांनी रशियनचा डिप्लोमा केला होता. "स्लाव्ह भाषा सगळ्या बहिणी-बहिणी. एक आली की सगळ्या आल्या," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. बहिणी-बहिणींचं किती पटतं, हे तीन नणंदा असलेल्या बाईला विचारावं.

जाणाऱ्यांनी व्हिएन्नाला उतरावं. तिथून ब्रनोची बस दीड-दोन तासांची, तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. बसमध्ये एक पोलिश आजी भेटल्या. ह्यांनी रशियन सुरू केलं, आजींनी पोलिश, आणि दोघांनी मिळून हातवारे. "सगळं कळतंय," हे मला म्हणाले. काय कळलं विचारलं तर, "त्यांचं काहीतरी दुखतंय." कुठे, ते मात्र कळलं नव्हतं.

ब्रनोतल्या एका छोट्या दुकानात ह्यांनी रशियनमधून दूध आणि मीठ मागितलं. बाईंनी दोन्ही वस्तू बरोबर काढून ठेवल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "कृपया इंग्रजीत बोला." माझ्या मनात पाल चुकचुकली. माझं माहेर कर्नाटकच्या सीमेवरचं चंदगड. कन्नड पुरतं कळत असूनही "न्हाय बा कळत" म्हणणारी माणसं बघतच मी वाढले. पण ह्यांना सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी हानाच्या गावी गेलो. थोडी रेल्वे, मग द्राक्षमळ्यांतून चालत. चढ बेताचा आहे, गुडघेवाल्यांनाही जमेल. हानाचे वडील चेक, आई स्लोव्हाक. ते त्यांच्या भाषेत बोलतात, ती तिच्या, आणि आयुष्यभर भांडण मात्र विनाअडथळा.

"आत्या, ह्या दोन भाषांचं आपल्या कोल्हापूर-साताऱ्यागत हाय," अभिजित म्हणाला. "पोलिश अर्धीमुर्धी कळती. रशियन शिकल्याबिगर न्हाय."

"मग हानाच्या बाबांना कळणार नाही?"

"कळंल की! तेच तर भ्या हाय. त्यांना शाळेत सक्तीनं शिकवलीया."

मी जेवणाच्या टेबलाकडे वळले तोवर हे भाषणाला उभे राहिले होते. पुढ्यात मांसाचा रस्सा आणि उकडलेल्या कणकेचे क्नेडलिक निवत होते. ह्यांच्या रशियनची दोन-चार वाक्यं झाली असतील, हानाच्या वडिलांनी काटा खाली ठेवला आणि ते उठून अंगणात गेले.

हाना खाली मान घालून बसली. अभिजितने सांगितलं, तिचे बाबा लहान असताना, अडुसष्ट साली, रशियन रणगाडे त्यांच्या दारात उभे होते.

"म्हणजे माझं बोलणं कळलं नाही त्यांना?" ह्यांनी विचारलं.

"मामा, शब्द न् शब्द कळला."

मला ह्यांचा इतका राग आला की रडूच फुटलं. भाषणाच्या हौसेपायी पोराचं लग्न मोडतंय की काय!

बऱ्याच वेळाने वडील आत आले आणि हानाशी चेकमध्ये काहीतरी बोलले. अभिजितने आम्हाला सांगितलं, "ते म्हणतायत, मामांनी स्वतःच्या भाषेत बोलावं. कळणार न्हाय, पण बसून ऐकतो."

हे पुन्हा उभे राहिले. "पावणं, चुकलं आमचं. पोरगं गुणाचं हाय. तुमच्या पोरीला कधी परकं वाटू देणार न्हाय, एवढंच सांगाय आलतो."

अभिजितने ते हानाला सांगितलं, हानाने वडिलांना. ते हानाकडे बघून म्हणाले, "आनो."

"काय म्हणाले?" हे माझ्या कानाशी लागले. रशियनमध्ये होकाराला 'दा' म्हणतात. ज्या एका शब्दासाठी एवढं विमान करून आलो, नेमका तोच ह्यांना कळला नाही.

दादाने व्हिडिओ कॉलवर सुपारी फोडली.

कोल्हापुरात परतल्यावर मला राहून राहून आठवतं ते हानाच्या वडिलांचं पुन्हा आत येऊन बसणं. मी असते तर आले नसते. आमचे हे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, "तिकडं माझी रशियन न कळलेला माणूस भेटला न्हाय." मी चहा आणून ठेवते आणि मान डोलावते, कारण त्यात खोटं काहीच नाही.