वडिलांचा हर्निया

माजिवड्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता का?"

मी लगेच नाही म्हणालो. आमच्या घरात कॅन्सर नाही, याचा मला थोडा ताठाच होता. वडील कंबरदुखीने झिजून गेले, ते या डॉक्टरांना कशाला सांगायचं?

माझा पीएसए, म्हणजे रक्ततपासणीतला प्रोस्टेटचा आकडा, वर आलेला. लघवीत जंतू होते, त्यांनीही आकडा चढतो, म्हणून आधी गोळ्या झाल्या. जंतू गेले, आकडा मात्र पुरता उतरला नाही. एमआरआयमध्ये एक पुसट डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, "नक्की काय ते बायोप्सीशिवाय सांगता येणार नाही. पण डाग संशयाचा आहे, ठळक नाही. घराण्यात असतं तर थांबा म्हटलं नसतं. तसं नसेल, तर काही महिने थांबून पुन्हा तपासता येईल."

मी थांबणं पसंत केलं. बायोप्सीच्या सुईची मला भीती वाटत होती आणि ती लपवायला मी "उगाच कशाला टोचून घ्या" असं सगळ्यांना सांगत सुटलो. घरी मात्र बाथरूममध्ये गेलो की धारेवर लक्ष. बायकोने बाहेरून "अहो, झालं का?" विचारलं की मी खेकसायचो.

अशातच वडिलांचा पक्ष आला. आंबिवलीहून आत्या आली. जेवताना बायकोने माझं दुखणं तिच्या कानावर घातलं. आत्याने खिरीची वाटी खाली ठेवली.

"म्हणजे दादाचंच आलं की तुझ्याकडे."

"त्यांची कंबर होती, आत्या. आणि हर्नियाचं ऑपरेशन."

"हर्निया लोकांना सांगायला रे." माझा मुलगा ऐकत नाही ना, हे बघून ती हळू बोलली. "खाली लघवीच्या जागी गाठ होती त्याला. डॉक्टरांनी दोन्ही अंडं काढली, गाठ वाढू नये म्हणून. पण ती आधीच हाडात गेलेली. वहिनीने मला शपथ घातलेली, पोरांना कळता कामा नये."

मी ताट बाजूला सारलं. वडिलांचा राग आला, आईचा त्याहून जास्त. लाज झाकली म्हणून मी डॉक्टरांसमोर छातीठोकपणे खोटं बोलून आलो होतो, आणि ते खोटं आहे हे मलाच माहीत नव्हतं.

हात धुऊन मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता थांबू नका. बायोप्सी करून घेऊ."

बायोप्सी झाली. भीती वाटली होती तेवढं दुखलं नाही. रिपोर्टची वाट बघणं मात्र सोसत नव्हतं. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचो.

त्याच दिवसांत मुलगा म्हणाला, "बाबा, शेजारचे काका विचारत होते, तुम्हाला काय झालंय."

"हर्निया सांग," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. आत्याचं बोलणं तिनेही ऐकलं होतं, तरी तिच्या तोंडी तेच आलं.

"नाही," मी म्हणालो. मुलाला समोर बसवलं. "काकांना काय सांगायचं ते सांग. पण तुला कधी डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला कॅन्सर होता का, तर हो म्हणायचं. आजोबांना होता. माझं अजून कळायचंय."