पोडु आणि पोदुम

तमिळमध्ये ‘पोडु’ म्हणजे टाक, चालू कर. ‘पोदुम’ म्हणजे पुरे. कागदावर फरक स्पष्ट दिसतो. चेन्नईजवळ ओरगडमच्या आमच्या कारखान्यात, जिथे शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं, तिथे तो ऐकू येईलच असं नाही. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं त्या फरकात गेली.

मी पत्रा दाबायच्या प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवणारा फिटर. त्या सकाळी नेहमीचा ऑपरेटर आला नव्हता, म्हणून मॅनेजरने पॅकिंगमधला एक माणूस उचलून प्रेस खाली आणणाऱ्या पेडलवर उभा केला. चाळिशीचा, लातूरकडून नुकताच आलेला. “हा ‘पोडु’ म्हणाला की दाब,” मॅनेजर त्याला मोडक्या हिंदीत म्हणाला आणि गेला. झालं शिक्षण! मी ‘पोडु’ म्हणत होतो, तो दाबत होता. मग पत्रा अडकला. मी ‘पोदुम’ असं ओरडून हात आत घातला. त्याने दाबलं.

हॉस्पिटलातून घरी आलो, तर मागोमाग सफरचंदं घेऊन मॅनेजर हजर.

“तुम्ही दोघेही मराठी. त्याला मराठीत थांब म्हणता आलं नाही तुला?” तो तमिळमध्ये म्हणाला. “चूक एक तर तुझी, नाही तर त्याची. कंपनीचा काय संबंध? इन्स्पेक्टरसमोर त्याचा हलगर्जीपणा म्हण. तो जाईल, तुला बसून करायचं काम देऊ.”

तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले तंजावरचे मराठी. माझी मराठी ऐकून तो लातूरवाला कँटीनमध्ये खो खो हसला होता, नाटकातल्या राजासारखं बोलता म्हणे! आणि प्रेसवर तोंडात येते ती कामाचीच भाषा, तमिळ. पण भीतीही वाटत होती, लपवत नाही. तीन बोटांच्या फिटरला दुसरीकडे कोण उभं करणार?

मॅनेजर गेल्यावर बायको म्हणाली, “त्याच्या पोटावर पाय देऊन आपण जेवायचं का हो?” मी तिच्यावरच खेकसलो. सफरचंदं मात्र कोणीच खाल्ली नाहीत.

चौकशीला फॅक्टरी इन्स्पेक्टर आले, ते तमिळ. लातूरवाल्याला तमिळ येईना आणि दोन्ही भाषा येणारा तिथे मी एकटा. म्हणजे त्याचं म्हणणं माझ्या तोंडून जाणार. मॅनेजर माझ्याकडे टक लावून बसला होता.

इन्स्पेक्टरांनी विचारलं, “तुम्हाला मशीन कोणी शिकवलं?”

मी मराठीत विचारलं.

“कुनीच न्हाई, साहेब. ‘पोडु’ म्हनलं की दाबायचं, येवढंच सांगितलं.”

मी तमिळमध्ये तसंच्या तसं सांगितलं. मॅनेजर खाकरला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“आणि थांबायचं असेल तर काय म्हणतात, ते सांगितलं होतं?”

मी विचारलं. तो माझ्या बँडेजकडे बघत राहिला. मग रडू आवरत म्हणाला, “ते त्या दिवशी कळलं.”

इन्स्पेक्टर माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ते तमिळमध्ये सांगितलं, आणि त्यांनी खुर्ची मॅनेजरकडे वळवली.